टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये नोकरी आणि शेअर्स यांचेच प्रश्न जास्त आहेत, त्यातले पाच घेतलेत. मी २२ वर्षं कंपनी सेक्रेटरीचं काम केलं, म्हणजे बोर्डाच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून मिनिट्स, म्हणजे मीटिंगची अधिकृत नोंद, लिहिणारी बाई मी, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. उत्तरं लिहिताना पुन्हा पुन्हा सत्यम या आयटी कंपनीतल्या हिशोबाच्या घोटाळ्याचंच प्रकरण आठवत राहिलं. जुनं आहे, पण या पाचही प्रश्नांना लागू पडतं, म्हणून तेच धरून लिहितेय.

प्रश्न : ताई, मी रिटायर्ड शिक्षक आहे, सांगली जिल्हा. एका कंपनीचे १४० शेअर्स ११ वर्षांपासून आहेत. यंदाच्या नोटिशीत ठराव आहे की कंपनी प्रमोटरच्या (कंपनी उभी करून चालवणाऱ्या मालकाच्या) जावयाची एक कंपनी विकत घेणार. मुलगा म्हणतो बाबा तुमच्या १४० शेअर्सनी काय होणार, टाका ते रद्दीत. खरंच काही होत नाही का? आणि असं करणं योग्य आहे का?

सर, रद्दीत टाकू नका, आधी हे वाचा.

१६ डिसेंबर २००८. हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर्स, तेव्हाच्या मोठ्या आयटी कंपन्यांपैकी एक, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही लिस्टेड (म्हणजे तिथे नोंदलेली), कामाला ५० हजाराच्या आसपास माणसं. त्या दिवशी बोर्डाने ठरवलं की १६० कोटी डॉलर देऊन मेटास प्रॉपर्टीज ही आख्खी कंपनी आणि मेटास इन्फ्राचे ५१ टक्के शेअर्स घ्यायचे. सॉफ्टवेअरची कंपनी जमिनी आणि रस्ते-पुलांच्या धंद्यात कशाला उतरतेय? तर या दोन्ही कंपन्या सत्यमचे संस्थापक रामलिंग राजू यांच्या घरातल्या होत्या, मुलं चालवायची. सत्यमचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की मेटास होतं. आणि राजू कुटुंबाकडे सत्यमचे शेअर्स किती, तर जेमतेम ८-९ टक्के. म्हणजे विकणारं घर एकच, घ्यायचा निर्णय करणारा त्याच घरातला, आणि पैसा मात्र ९१-९२ टक्के दुसऱ्यांचा.

भागधारकांना मत न विचारताच बोर्डाने हे मंजूर केलं होतं. बातमी बाहेर आली आणि न्यूयॉर्कमध्ये शेअर एका रात्रीत निम्म्याहून जास्त कोसळला, म्युच्युअल फंडवाले आणि परदेशी गुंतवणूकदार फोनवर अक्षरशः भांडले, आणि काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला. सर, त्या रात्री ओरडणाऱ्या कुणालाच आत घोटाळा आहे हे माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं ते एवढंच की मुलांच्या कंपनीची किंमत बापाने कशी काय ठरवली. तुमच्या मनात आलाय तोच प्रश्न. आणि त्या साध्या प्रश्नाने पुढचं सगळं उघडं पडलं, कारण ७ जानेवारी २००९ ला राजूंनी बोर्डाला जे पत्र लिहिलं त्यात कबूलच केलं की मेटासचा सौदा म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवायचा शेवटचा प्रयत्न होता. कंपनीच्या हिशोबात ५,३६१ कोटी रोख आणि बँक शिल्लक दाखवलेली, त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. सौदा झाला असता तर भोक बुजलं असतं आणि बिल भागधारकांच्या नावावर फाटलं असतं.

आता तुमचं मत. तेव्हा जे नव्हतं ते आज आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर आणि सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनंतर प्रमोटरच्या नातेवाइकांशी होणारा मोठा व्यवहार आधी ऑडिट कमिटीकडे (बोर्डाच्या हिशोब बघणाऱ्या समितीकडे) जातो, मग भागधारकांच्या मताला येतो, आणि मुख्य म्हणजे ज्यांचा त्यात संबंध आहे त्यांना त्या ठरावाच्या बाजूने मत टाकता येत नाही. प्रमोटरकडे ६० टक्के असले तरी त्या ठरावापुरते ते बाजूला, उरलेल्या ४० टक्क्यांतच मोजणी. त्या ४० मध्ये तुमचे १४० आहेत, आणि तुमच्यासारखे लाखो लोक नोटीस रद्दीत टाकतात म्हणून ठराव सहज पास होतात. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पगाराचे ठराव नामंजूर केले होते, कंपनीला पुन्हा मतं मागायला यावं लागलं. मारुतीने त्याच वर्षी गुजरातचा प्लांट सुझुकीच्या, म्हणजे आपल्याच जपानी मूळ कंपनीच्या, मालकीचा करायचं ठरवलं तेव्हा आपल्या म्युच्युअल फंडांनी विरोध केला, अटी बदलल्या, आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुझुकी सोडून बाकीच्या भागधारकांच्या मतानेच ते मंजूर झालं. म्हणजे नातेवाइकांशी व्यवहार केला की तो वाईटच असं नाही हो. किंमत कोणी ठरवली, आणि ज्याचा पैसा आहे त्याला विचारलं का, हे बघायचं.

तेव्हा नोटिशीसोबतचं स्पष्टीकरण वाचा, जावयाच्या कंपनीचं मूल्यांकन कुणी केलं ते बघा, तिच्यावर कर्ज किती आहे ते बघा. पटलं तर बाजूने टाका, नाही पटलं तर विरोधात. ई-वोटिंग कमीत कमी तीन दिवस चालू असतं आणि मीटिंगच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. लॉगिन मुलाकडूनच करून घ्या.

आणि एक. सत्यमच्या अमेरिकेतल्या शेअरहोल्डरांनी तिथल्या कोर्टात सगळ्यांच्या वतीने एकत्र दावा लावला आणि २०११ मध्ये कंपनीने १२.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. इथल्या माणसाचा शेअर ७ जानेवारीला एका दिवसात १७९ वरून ४० च्या आसपास आला, त्याच्यासाठी असा एकत्र दावा लावायची सोयच आपल्या कायद्यात नव्हती. ती २०१३ च्या कायद्याने आली, कलम २४५. एकाच कंपनीचे शेअर, एकच फसवणूक, आणि भरपाई राहता कुठे यावर. मला अजूनही याचा राग येतो.

प्रश्न : बोर्डावर इंडिपेंडंट डायरेक्टर (मालकांशी हितसंबंध नसलेले बाहेरचे संचालक) असतात ना, मग हे सगळं होतंच कसं? ते नेमके काय करतात? (ठाण्यातून एक वाचक)

सत्यमच्या बोर्डावर फार मोठी माणसं होती. हार्वर्डचे प्राध्यापक, पेंटियम चिपवर काम केलेले इंजिनियर, हैदराबादच्या नामवंत बिझनेस स्कूलचे डीन. सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे मेटासच्या ठरावाच्या तीनच महिने आधी, कंपनीला चांगल्या कारभाराचं गोल्डन पीकॉक अवॉर्डही मिळालं होतं, जे नंतर काढून घेतलं. तरीही मेटासचा ठराव त्या बोर्डात एकमताने पास झाला, आणि बाहेर गदारोळ झाल्यावर डिसेंबर संपायच्या आत चार जणांनी राजीनामे दिले.

मी त्यांना चोर म्हणत नाहीये, तसं कुणी सिद्धही केलेलं नाही. पण मी इतकी वर्षं बोर्डरूममध्ये बसलेय त्यावरून सांगते, तिथे हुशारी कमी पडत नाही, कमी पडतो तो अवघड प्रश्न विचारण्यातला संकोच मोडायचा धीर. चहा-बिस्किटं आलेली असतात, चेअरमन आदराने बोलत असतात, शेजारचे सगळे मान डोलावत असतात, तीनशे पानांचा गठ्ठा आदल्या रात्री हातात पडलेला असतो, आणि अशा वेळी "याची किंमत कशी काढली?" असं विचारणं म्हणजे यजमानाच्या घरात जेवायला बसून भात शिजला नाही म्हणण्यासारखं वाटतं.

एका कंपनीत (नाव सांगत नाही) चेअरमनच्या भावाचं गोडाऊन भाड्याने घ्यायचा विषय आला होता. बँकेतून रिटायर झालेले एक डायरेक्टर होते, त्यांनी विचारलं की शेजारच्या गोडाऊनचं भाडं काय आहे. एवढंच. खोलीत एकदम शांतता. उत्तर कुणाकडेच नव्हतं, मग विषय पुढच्या मीटिंगवर गेला, आणि पुढच्या मीटिंगला भाडं २० टक्क्यांनी कमी होऊन आलं. मला नंतर सांगण्यात आलं की तो प्रश्न मिनिट्समध्ये नको, "चर्चेअंती" असं लिहा. मी तसं लिहिलं. ती माझी चूक होती, आज मी ते लिहिणार नाही, कारण प्रश्न विचारला गेला होता याचा तो एकच पुरावा होता.

लिस्टेड कंपनीत कमीत कमी एक तृतीयांश डायरेक्टर इंडिपेंडंट हवेत असं कायदा म्हणतो. पण त्यांना खुर्चीवर बसवायला नाव सुचवतं कोण, बऱ्याचदा प्रमोटरच. हे जोवर आहे तोवर मला पूर्ण समाधान नाही.

प्रश्न : ताई मी २६ वर्षांची आहे, सीए इंटर, पुण्यात एका मोठ्या कंपनीत अकाउंट्सला. मार्चमध्ये माझ्या सरांनी सांगितलं की एप्रिलमध्ये जाणाऱ्या मालाचं इनव्हॉइस मार्चच्या तारखेने काढ, टार्गेटला थोडंच कमी पडतंय, पुढच्या क्वार्टरला आपोआप अॅडजस्ट होईल, सगळेच करतात. मी काढलं. तेव्हापासून झोप नाही. होम लोन आहे, बाबा आजारी असतात. आता काय करू?

पहिल्यांदा हे सांगते की झोप उडाली म्हणजे तुझं आतलं सगळं शाबूत आहे, त्याची लाज वाटून घेऊ नकोस.

"थोडंच कमी पडतंय" हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. राजूंच्या पत्रात नेमकं हेच आहे, की खरा नफा आणि पुस्तकातला नफा यांच्यात सुरुवातीला किरकोळ फरक होता, तो वर्षानुवर्षं वाढत गेला, आणि शेवटी वाघावर बसल्यासारखं झालं, उतरावं कसं ते कळेना, उतरलं की वाघ खाणार. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत त्यांनी उत्पन्न २,७०० कोटी दाखवलं, खरं होतं २,११२. ऑपरेटिंग मार्जिन (धंद्यातला खर्च वजा जाता उरणारी रक्कम) ६४९ कोटी दाखवलं, खरं ६१. पुढच्या क्वार्टरला अॅडजस्ट होत नाही गं, कारण पुढच्या क्वार्टरचं टार्गेट या खोट्या आकड्यावरच चढवून ठरतं, मग एप्रिलचा माल मार्चला गेला म्हणून जूनमध्ये जुलैचा ओढावा लागतो.

दुसरी गोष्ट तुला घाबरवायला नाही, पण माहीत असायला हवी म्हणून लिहिते. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या कोर्टाने दहा जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यात राजू होते, त्यांचे भाऊ होते, सीएफओ (कंपनीचे वित्तप्रमुख) होते, बाहेरचे ऑडिटर होते, आणि फायनान्स डिपार्टमेंटचे सिनियर मॅनेजर आणि असिस्टंट मॅनेजरही होते. महिन्याभरात वरच्या कोर्टाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला, ते खरं. पण असिस्टंट मॅनेजर, लक्षात घे. हजारो खोटी बिलं कुणाच्या तरी कीबोर्डवरूनच निघाली होती. "सरांनी सांगितलं" हे कोर्टात पुरत नाही.

आता करायचं काय. एका इनव्हॉइसने तू गुन्हेगार झाली नाहीस, आणि ते दुरुस्त होऊ शकतं. ऑडिट अजून चालू असेल तर उत्तम. सरांना आधी तोंडी नाही, मेल लिही, साध्या भाषेत, आरोप न करता. अमुक नंबरचं इनव्हॉइस मार्चचं आहे पण माल तमुक तारखेला गेलाय, गेटपासप्रमाणे ही नोंद एप्रिलमध्ये यायला हवी, रिव्हर्स करू का? बस. बऱ्याचदा लेखी आलं की माणसं भानावर येतात, खरंच येतात, मी पाहिलंय. नाही आले तर लिस्टेड कंपनीला व्हिजिल मेकॅनिझम, म्हणजे आतल्या गैरप्रकाराची तक्रार करायची सोय, ठेवावंच लागतं, कलम १७७, त्याची पॉलिसी कंपनीच्या वेबसाइटवर असते, त्यात गरज पडली तर ऑडिट कमिटीच्या चेअरमनपर्यंत थेट जायचा रस्ता दिलेला असतो. तिथे लिहिलंस म्हणून तुला त्रास देता येणार नाही असंही कायदा सांगतो. प्रत्यक्षात त्रास होतो का? कधीकधी होतो, मी खोटं कशाला सांगू. म्हणून स्वतःच्या मेलच्या तारखा डायरीत लिहून ठेव, पण कंपनीच्या फायली घरी नेऊ नकोस किंवा स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस, तेच तुझ्यावर उलटवतील. आणि शांतपणे दुसरीकडे अर्ज करायला लाग, लोन आहे, बाबा आहेत, हातात दुसरा पर्याय असला की माणूस जास्त सरळ उभा राहतो.

सत्यममध्येही डिसेंबर २००८ मध्ये एका इंडिपेंडंट डायरेक्टरला निनावी मेल आला होता, आतल्याच कुणीतरी लिहिलेला, की हिशोबात आहे ते बँकेत नाही. तो मेल ऑडिट कमिटीपर्यंत आणि ऑडिटरपर्यंत पुढे गेला. त्या माणसाला किती भीती वाटली असेल याचा मी अनेकदा विचार करते.

पुढच्या वेळी सर म्हणाले ना, तर "सर, तेवढं मेलवर सांगता का" एवढंच म्हण. पुन्हा लिही मला.

प्रश्न : आमच्या भागात एक कंपनी शाळा बांधून देते, पाण्याचे टँकर देते, पण कामगारांचे ओव्हरटाइमचे पैसे थकवते असं ऐकतो. अशा कंपनीला चांगलं म्हणायचं की वाईट?

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वहीत लिहा, एकमेकांतून वजा करू नका. १०८ ला फोन केला की येणारी अॅम्ब्युलन्स माहितीये ना, ती सेवा २००५ मध्ये हैदराबादला सुरू करणाऱ्या संस्थेचे संस्थापक हेच राजू. तिने असंख्य जीव वाचवले, आणि घोटाळ्यानंतर २००९ मध्ये ती संस्था दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली तरी सेवा चालू राहिली, पुढे हा नंबर आपल्याकडेही आला, महाराष्ट्रात ती गाडी वेगळी कंपनी चालवते. वाचलेला जीव खराच वाचला. आणि ५,०४० कोटीही खरेच नव्हते.

सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामासाठी नफ्यातले, दोन टक्के हे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने, कलम १३५ ने, द्यायचे असतात, ते उपकार नाहीत. ओव्हरटाइम तर कामगाराचा स्वतःचा पैसा. शाळेच्या उद्घाटनाला जरूर जा, आणि थकबाकीची तक्रार लेबर कमिशनरच्या ऑफिसात लेखी द्यायला कामगारांना मदत करा.

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीत आहे, १४ वर्षं. कंपनी फायद्यात आहे, तरी आमच्या युनिटमधून माणसं कमी करतायत. टाउनहॉलमध्ये (सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत) सीईओ म्हणाले आमची पहिली जबाबदारी शेअरहोल्डर्सना आहे. हे कायद्याने खरंय का? आम्ही कोणीच नाही का?

कायद्याने हे अर्धंच खरं आहे. कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्ये डायरेक्टरांची कर्तव्यं लिहिलीत, त्यात भागधारकांसोबत कर्मचारी, समाज आणि पर्यावरण हे स्पष्ट शब्दांत आहेत. म्हणजे तुम्ही आहात. पण त्या कलमात कुणाला आधी आणि कुणाला नंतर ते लिहिलेलं नाही, आणि भांडण होतं ते तिथेच.

खरी ओढाताण कशी असते ते सत्यम बुडतानाच दिसलं. घोटाळा उघड झाल्यावर तीन-चार दिवसांत सरकारने बोर्ड बरखास्त करून नवं नेमलं, किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन, मग आणखी तिघे. कंपनी गुंडाळायला टाकली असती तर देणेकऱ्यांनी लचके तोडले असते आणि ५० हजार घरं रस्त्यावर आली असती. या लोकांनी आधी पगाराचं बघितलं, बँकांकडून ६०० कोटी उभे केले, क्लायंट निघून जाऊ नयेत म्हणून त्यांच्याशी बोलत राहिले, आणि १३ एप्रिलला उघड लिलावात टेक महिंद्राने, म्हणजे तुमच्याच पुण्यातल्या कंपनीने, ५८ रुपये भावाने ३१ टक्के घेतले. एल अँड टीची बोली ४५.९० होती. तीन महिन्यांत! मला हे आपल्याकडच्या कारभारातलं फार अभिमानाचं पान वाटतं.

पण लगेच जूनमध्ये हजारो लोकांना कामाविना "व्हर्च्युअल पूल"मध्ये टाकलं, सहा महिने बेसिक, पीएफ आणि मेडिकल एवढंच. ज्यांनी एक पैशाची लबाडी केली नव्हती त्यांच्या घरात ईएमआय अडकले. हे बरोबर होतं का? मला विचाराल तर, दुःखाचं होतं, पण अन्याय म्हणणार नाही, कारण कंपनी खरोखर अडचणीत होती, ते सगळ्यांना माहीत होतं, आणि मुदत आधी सांगितलेली होती.

तुमचं प्रकरण तसं नाही. फायदा आहे म्हणताय. मग बोजा कोण कोण उचलतंय हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कंपनी लिस्टेड असेल तर डायरेक्टर्स रिपोर्टच्या जोडपत्रात प्रत्येक डायरेक्टरचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या (सगळे पगार क्रमाने मांडले की बरोबर मध्ये येतो त्याच्या) पगाराच्या किती पट आहे तो आकडा द्यावाच लागतो, कलम १९७, शिवाय गेल्या वर्षी त्यांचे पगार किती टक्क्यांनी वाढले आणि बाकीच्यांचे किती तेही. डिव्हिडंडला (भागधारकांना वाटलेला नफा) आणि बायबॅकला (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) किती गेले ते पुढच्या पानांवर मिळेल. दोन वर्षांचे रिपोर्ट डाउनलोड करा, ते आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, आणि पुढच्या टाउनहॉलला एकट्याने नाही, पाच-सहा जणांनी मिळून तो कागद घेऊन उभे राहा. कुणाकडे कंपनीचे ईसॉपचे, म्हणजे कर्मचारी म्हणून मिळालेले, शेअर्स असतील तर तो एजीएमलाही (भागधारकांच्या वार्षिक सभेलाही) हेच विचारू शकतो, तिथे तो कर्मचारीही आहे आणि भागधारकही.